टाच न टेकलेल्या वहाणा

झिलू आमच्या गावच्या राखणदाराच्या वहाणा करायचा. पूर्वी माणसांच्याही करायचा, पण माणसं रबराकडे आणि प्लास्टिककडे वळली त्याला वीस वर्षं होऊन गेली. तेव्हा मनापासून करावा असा वर्षाकाठी एकच जोड उरला होता, आणि तो घालणारा कधी कुणाच्या नजरेला पडलेला नव्हता.

मालवणच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. शिवेवरच्या तिठ्याला एक काळा दगड आहे, तोच आमचा देवचार. देव म्हणावा तर देवळात नाही, भूत म्हणावं तर सगळं गाव त्याच्यावर विसंबून झोपतं. हातात काठी, खांद्यावर घोंगडी आणि पायांत वहाणा घालून तो शिवेवरून फिरतो आणि वाट चुकलेल्याला घरच्या पाणंदीत आणून सोडतो, अशी समजूत. चालतो म्हणजे वहाणा झिजणारच. म्हणून देवदिवाळीला दगडापुढे नवा जोड ठेवायचा आणि जुना जोड वहाणा करणाऱ्याच्या हातात द्यायचा. त्याने तळ उलटे करून बघायचे आणि चारचौघांत एकच शब्द सांगायचा, “चललो.” म्हणजे, देव चालला. एवढं ऐकलं की गाव वर्षभर निर्धास्त.

हा शब्द झिलूच्या घराण्याचा मान. मान कसला तर, त्याने शिवलेल्या वहाणा दगडापर्यंत जायच्या आणि त्याने स्वतः मात्र दगडाभोवती मांडलेल्या चिऱ्यांच्या ओळीबाहेर उभं राहून तो शब्द सांगायचा. आत पाऊल टाकायचं नाही. मी एकदा भर बैठकीत म्हटलं की देवाला याचं कातडं चालतं मग पाय का चालत नाही. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच चुकीच्या जागी उभा आहे.

मी कणकवलीच्या कॉलेजात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यातली बरीचशी वर्षं एका गोष्टीवर चिडण्यात गेली. एल्फ म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे टोकदार कानांची, कार्टूनमधली बाहुली यायची. मी सांगायचो, अरे, जुन्या इंग्रजांचा एल्फ इवलासा नव्हता आणि त्याला पंखही नव्हते. तो माणसाएवढा, देखणा आणि माणसाच्या शेजारीच राहणारा. बिनसलं की न दिसणारा बाण मारायचा. धडधाकट माणसाच्या, नाहीतर गाईच्या कुशीत अचानक कळ यायची आणि अंगावर जखम मात्र कुठेच नसायची. त्यावर पाला लोण्यात उकळून मंत्र म्हणायचे. उत्तरेकडच्या मुलखात शरद ऋतूत घरोघर एल्फांना नैवेद्य द्यायचे, आणि त्या दिवशी परक्याला उंबऱ्याच्या आत घेत नसत. जखमी माणसाने एल्फांच्या टेकाडावर बैलाचं रक्त शिंपडलं तर तो बरा होतो, अशीही समजूत होती. पोरं हे सगळं उतरवून घ्यायची आणि विचारायची, सर, परीक्षेला येईल का.

निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा या एल्फांची आणि आमच्या देवचाराची सांगड घालून एक लेख लिहायचा, असं मनात होतं. वही घेऊन झिलूच्या पडवीत जाऊन बसलो. तो रापीने कातडं तासत होता. कोल्हापूरहून फोंडाघाट उतरून आणलेलं जाड कातडं. राखणदाराच्या वहाणा हातभर लांब असतात, त्यांना दुसरं कातडं चालत नाही. मी एल्फांबद्दल सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, त्यांच्या वहाणा कोण करतं? मी म्हटलं, तसं कुठे लिहिलेलं नाही. झिलूला माझी आणि इंग्रजांची दोघांचीही कीव आली असावी.

“मगे ते चलतत कशे?” तो म्हणाला.

एकतीस वर्षांत मला कुणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. लेख राहिला, पण आमची बैठक जमली. त्याची बायको मथुरा बिनदुधाचा चहा आणून ठेवायची आणि न बोलता आत जायची. मुलगा अजय वडलांच्या धंद्यात पडला नाही. ट्रॉलरवर खलाशी म्हणून जायचा. रेडीची दीपिका त्याला केली होती, हसरी आणि कामसू. मथुरा एरवी मोजून बोलणारी, पण सुनेबद्दल विचारलं की तिला शब्द पुरायचे नाहीत.

दोन हजार सोळाच्या सप्टेंबरात अजयची ट्रॉलर वादळात उलटली. पाच जणांपैकी तिघे पोहत आले, एकाचं प्रेत तिसऱ्या दिवशी मिळालं. अजय मिळाला नाही. लग्नाला आठ महिने झाले होते.

प्रेत नाही म्हणजे मरण नाही, असं झिलूने ठरवून टाकलं. पोरगा कुठेतरी किनाऱ्याला लागला असेल, डोक्याला मार लागून वाट विसरला असेल, आणि वाट विसरलेल्याला आणायला आपल्याकडे कोण आहे ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्या वर्षीचा जोड त्याने दीड महिना शिवला. त्याच दिवसांत त्याने मला विचारलं की त्या उत्तरेकडच्या मुलखातले एल्फ समुद्रातून माणूस परत आणतात का. असं मी कुठेही वाचलेलं नव्हतं. पण त्याचे डोळे बघून मी म्हटलं, आणत असतील. माझ्या तोंडून गेलेले हे दोन शब्द मला आजतागायत टोचतात. अडाण्याने धीर द्यायला खोटं बोलावं हे समजू शकतं. मी प्राध्यापक, माझं खोटं त्याने पुराव्यासारखं धरलं.

पुढच्या वर्षी घोळ झाला. मुंबईच्या मंडळींनी वर्गणी काढून दगडावर कौलारू शेड बांधली, खाली फरशी घातली. दरवर्षी त्या वहाणा पावसात कुजायच्या, वाळवी कडा खायची, अंगठा तुटायचा, आणि त्याला गाव झिजणं म्हणायचं. आता पाऊस लागेना, वाळवी चढेना. देवदिवाळीला जुना जोड झिलूच्या हातात आला तो जवळपास कोरा. देवाला सावली केली आणि देवाचं चालणंच बंद झालं. झिलूने तळ पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि सवयीने म्हणाला, “चललो.” घरी जाऊन मात्र अंथरुणाला खिळला. देवाने पोराचा शोध सोडला, एवढंच म्हणायचा. पेज समोर तशीच गार व्हायची. महिन्याभरात त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या, आणि हा काही पाऊस बघत नाही असं मला वाटलं.

त्याला कसंबसं उठवलं ते मथुरेने. नवा जोड ठेवलाय ना, मग वर्षभर तरी थांबा, असं तिने सांगितलं.

वर्षभराने जोड आला तो झिलूने चिऱ्यांच्या ओळीबाहेर उलटा केला. तळाचा पुढचा अर्धा भाग झिजून कागद झाला होता. शिवणीत वाळू आणि कालवांच्या शिंपल्यांची बारीक कच होती, कातड्यावर मीठ फुटलेलं होतं. चारचौघांत त्याने तो शब्द असा सांगितला की घाड्याचं, म्हणजे गावच्या भगताचं, गाऱ्हाणं अर्ध्यात थांबलं. संध्याकाळी मला बोलावून तळावरून बोट फिरवत तो म्हणाला, “टाच बगा, मास्तरानू. टाच टेकतच नाय. घायेत आसा तो. माझ्या झिलाक, अजयाक शोधता.”

टाच खरंच जशीच्या तशी होती. पन्नास वर्षं माणसांची पावलं वाचणाऱ्या माणसाला याचा अर्थ कळायला हवा होता. वहाण मोठी आणि पाऊल लहान असलं की टाच मध्येच पडते, मागचा तळ झिजत नाही, हे कुठलाही कारागीर सांगेल. झिलूने ते पाहिलं आणि आपल्याला हवं तसं वाचलं. तो जेवायला लागला. त्या वर्षापासून त्याने जुने जोड खाडीत सोडणंही बंद केलं. ते खिळ्याला ओळीने टांगून ठेवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा.

मला कळलं ते दोन हजार एकोणीसमध्ये. डॉक्टरने साखरेसाठी सकाळचं चालणं लावलं होतं. ओहोटीची वेळ, नुकतं उजाडलेलं. मथुरा तेव्हा रोज कालवं काढायला जायची, पाटी आणि कोयती घेऊन. ती मला किनाऱ्यावर पुढे चालताना दिसली, पण चाल तिची नव्हती. पाय ओढत, अडखळत चालली होती. जवळ गेलो तर तिच्या पायांत राखणदाराच्या वहाणा. हातभर लांब त्या वहाणांत तिची पावलं पोराने बापाच्या चपला घालाव्यात तशी दिसत होती. अशीच ती पार टोकाच्या खडकांपर्यंत गेली, तिथे उभी राहून पाण्याकडे बघत राहिली आणि वळली. वळली तेव्हा समोर मी.

गावाला कळतं तर काय झालं असतं ते सांगायला नको. जिच्या नवऱ्याला चिऱ्यांच्या ओळीआत पाऊल टाकता येत नाही, ती ओळ ओलांडून देवाच्या वहाणा पायांत घालते. तिने मला हात जोडले नाहीत की डोळ्यांत पाणी आणलं नाही.

“देव चलता काय नाय, माका म्हायत नाय,” ती म्हणाली. “पण कोणीतरी चलाक होया. ह्यांका सांगू नकात.”

मी सांगितलं नाही. तिच्या पायांना घट्टे पडले, भेगांतून रक्त यायचं. झिलूने तिच्यासाठी मऊ कातड्याची वहाण केली आणि खडकावर जाऊ नको म्हणून रागावला. तिला मी एकदा विचारलं की त्याला दाखवायचं तर घरामागच्या कातळावर तळ घासले तरी चालेल, एवढी पायपीट कशाला. ती माझ्याकडे बघतच राहिली. तेव्हा कुठे या शिकलेल्या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडला. ती झिलूसाठी वहाणा झिजवत होतीच, पण पोराला शोधतही होती. खरोखर, रोज, टोकापर्यंत.

दीपिका दरवर्षी देवदिवाळीला यायची, सासूशेजारी तासभर बसायची आणि रेडीला परत जायची. माहेरी शिवणकाम करायची. तिच्या घरच्यांनी तिच्यासाठी एक चांगलं स्थळ पाहिलं होतं आणि तिचीही ना नव्हती. पण नवरा कागदावर जिवंत. सात वर्षं पत्ता नसलेल्या माणसाला कायदा मेलेला धरतो, त्यासाठी कोर्टात अर्ज करायचा असतो. वकिलाचं म्हणणं, बापाची सही असली तर काम लवकर होईल. सात वर्षं भरायला दहा महिने होते, तरी दोन हजार बावीसच्या देवदिवाळीला तिने टाईप केलेला अर्ज आधीच माझ्याकडे दिला, तुम्हीच विचारा म्हणाली. मी विचारलं. झिलूने भिंतीवरच्या वहाणांकडे बोट दाखवलं. शोधणारा थकला नाही आणि बापाने सही करायची? दीपिका उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती. मथुरेने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. आपण एकाला जगवतोय आणि दुसरीला बांधून ठेवतोय, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

महिन्याभराने, पौष लागता लागता, मथुरा गेली. चुलीपुढे बसली होती, बरगडीखाली कळ आली, आणि पाणी आणेपर्यंत संपलं. डॉक्टर हृदय म्हणाला, घाडी वारं लागलं म्हणाला. अंगावर कुठे ओरखडाही नव्हता. न दिसणाऱ्या बाणावरचा तो मंत्र मी वर्षानुवर्षं वर्गात वाचून दाखवलाय, गमतीची गोष्ट म्हणून.

झिलू रडला, पण मोडला नाही. आता अजय आला की त्याला सांगायचं कसं, याची त्याला चिंता होती. आणि नवा जोड दगडापुढे ठेवलेला होता. फक्त आता तो घालून चालणारं कोणी नव्हतं, आणि हे गावात एकट्या मला माहीत होतं.

आता माझं सांगतो. मी ठरवलं होतं की मी चालेन. पहिल्या दिवशी गेलो तर तिठ्यावर माणसं उभी होती. दुसऱ्या दिवशी कोणी नव्हतं. मी वहाणांत पाय घातले, वीसेक पावलं टाकली. मागून स्कूटरचा आवाज आला तशा चोरासारख्या काढून जागेवर ठेवल्या. जन्मभर अंधश्रद्धेवर भाषणं दिलेला मी, देवचाराच्या वहाणा घालून फिरताना कुणी पाहिलं तर? तिसऱ्या दिवशी गुडघा दुखत होता. मग उद्या, मग परवा, मग शिमगा झाला की, मग पावसाळा. मला लाज वाटली, एवढंच त्याचं खरं कारण. ज्या बाईला सगळ्या गावाची भीती असायला हवी होती ती पाच वर्षं चालली, आणि मला वीस पावलं जड झाली. दगडाजवळून जाताना मी मान वळवायचो. अर्ज कपाटात होता आणि दीपिकाचा फोन आला की मी सांगायचो, देवदिवाळीपर्यंत थांब.

देवदिवाळी आली. घाड्याने जुना जोड आणून चिऱ्यांच्या ओळीबाहेर ठेवला. झिलूने उचलला. वर्षभराची धूळ होती, एका अंगठ्यात कोळ्याने जाळं केलं होतं. धूळ पुसली तर खाली कोरं कातडं, त्याच्याच आरीच्या टाक्यांसकट. त्याने एक वहाण उलटी केली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. टाच बघितली. चवडा बघितला. मंडळी थांबली होती, प्रसाद व्हायचा होता. मुंबईहून आलेला कोणीतरी म्हणाला, चला, आटपा.

“चललो नाय,” झिलू म्हणाला.

असं कधी कुणी ऐकलेलं नव्हतं. घाड्याने त्याला समजावलं, नीट बघ म्हणाला, दुसरे दोघे चिडले. झिलूने तेच शब्द पुन्हा सांगितले, जोड काखेत मारला आणि घराकडे निघाला. मी मागोमाग गेलो.

घरी त्याने खिळ्यावरचा गेल्या वर्षीचा जोड काढला. जमिनीवर ठेवून बराच वेळ बघत बसला. मग उठून आत गेला आणि मथुरेची मऊ कातड्याची वहाण घेऊन आला. ती त्याने मोठ्या वहाणेवर ठेवली, अंगठ्याला अंगठा लावून. कातड्यावर मधोमध एक खळगा पडला होता. मथुरेची टाच नेमकी त्यात बसली. त्याने आदल्या वर्षीचा जोड काढला, त्याच्या आदल्या वर्षीचा काढला, आणि पाचही जोडांवर ती वहाण ठेवून पाहिली.

“तुमका म्हायत होता,” तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं.

मी हो म्हटलं. वीस पावलांचंही सांगितलं. ते सांगून माझं मन हलकं होईल असं वाटलं होतं, पण तसं झालं नाही. त्याने माझ्यावर राग धरला असता तर बरं झालं असतं. पण माझ्यासाठी त्याच्याकडे राग उरलाच नव्हता. तो मथुरेच्या वहाणेच्या तळावरून अंगठा फिरवत होता.

“सात वर्सां अजय जितो होतो, मास्तरानू,” तो म्हणाला. “ती चलत होती तवसर जितो होतो. आज गेलो.”

मग त्याने दीपिकाचा कागद मागितला. मी घरी जाऊन घेऊन आलो. येईपर्यंत त्याने रापी, आरी आणि धार लावायचा दगड पुसून गोणपाटात बांधून ठेवले होते. पुढच्या वर्षीपासून गावाने कोल्हापूरहून तयार जोड मागवावा, असं त्याने मला मंडळींना सांगायला लावलं. तळ कोण वाचणार ते तो बोलला नाही.

अर्ज त्याने अक्षरावर बोट ठेवून सगळा वाचला. अजयचं नाव आलं तिथे थांबला, मग पुढे गेला. दिवस कोणता धरला आहे ते त्याने विचारलं. मी वादळाची तारीख दाखवली. त्याने मान हलवली, पेन घेतलं, सावकाश सही केली आणि सहीखाली मात्र त्या देवदिवाळीच्या दिवसाची तारीख घातली. कागद माझ्या हातात देण्याआधी त्याने शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

दीपिकाचं लग्न येत्या वैशाखात आहे. कोर्टाने वरची, वादळाची तारीख धरली.